सध्या कुठं असतोस?

वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन एकाच दुखण्याची, नोकरी गेल्याची, निघाली, म्हणून तिन्ही एकत्रच घेतो. मी कोण सांगणारा असं नवीन वाचकांना वाटेल, तर मी ३१ वर्षं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत पर्सोनेल खात्यात काढली, पुढं त्यालाच एचआर म्हणायला लागले, काम तेच राहिलं. माणसं घेतली, माणसं काढली, आणि मधे एकदा मलाच काढलं. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या कशा टोचतात ते मला माहीत आहे.

प्रश्न : नमस्कार काका. वय ३९, डिप्लोमा मेकॅनिकल, गोकुळ शिरगावात एका कंपनीत ११ वर्षं क्वालिटीला होतो. फेब्रुवारीत एक दिवस दुपारी चारला केबिनमध्ये बोलावलं, ऑर्डरी कमी झाल्यात म्हणाले, राजीनामा टाइप करून तयारच ठेवलेला, सही केलास तर हिशेब लगेच करतो म्हणाले. केली सही. जाताना गेटवर वॉचमननं माझी बॅग उघडून बघितली, ११ वर्षांत पहिल्यांदा. तो बिचारा खाली मान घालूनच बघत होता पण ते माझ्या डोक्यातनं जात नाही. त्यानंतर पाच इंटरव्ह्यू दिले. कामाचं सगळं नीट सांगतो, मग त्यांनी "तिथनं का सोडलं" विचारलं की मला काय होतंय कळत नाही, आवाजच बदलतो, नको ते बोलून बसतो. एका ठिकाणी ओळखीचा पोरगा एचआरला आहे, त्यानं गुपचूप सांगितलं, दादा, साहेब म्हणाले माणूस कामाचा आहे पण लई कडू बोलतो. घरी सगळ्यांना माहीत आहे, बाहेर दोन-तीन मित्र सोडले तर कुणाला सांगितलं नाही. तालमीच्या कट्ट्यावर जाणं बंद केलंय, यंदा शाहू स्टेडियमवर फुटबॉलची एक मॅच बघितली नाही, कारण कोणतरी विचारणारच "सध्या कुठं असतोस?" मित्र म्हणतात पॉझिटिव्ह राहा. कसं राहायचं काका, खोटं हसू कुठनं आणू? – पाचगाव

उत्तर : पॉझिटिव्हचं तेवढं आधी बाजूला ठेव बाळा. ज्याचा पगार एक तारखेला जमा होतोय तोच हा सल्ला देतो, हे मी लई वर्षं बघत आलोय. तुझा राग खरा आहे, बॅगेचं तर मलाही वाचून लागलं, आणि तो राग जावा असं मी सांगणारही नाही कारण असा जात नसतो. तो इंटरव्ह्यूच्या खोलीत तुझ्याबरोबर यायला नको, एवढ्यावरच आपण काम करू.

तू क्वालिटीचा माणूस, तुला ब्लोहोल समजवायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. साच्यातल्या वाळूत ओल राहिली आणि गॅसला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, की वरनं धातूचा रस ओतल्यावर तो गॅस आतच अडकतो. कास्टिंग वरनं चकाचक दिसतं, पास होऊन पुढं जातं, आणि मशीन शॉपला टूल लागलं की आतलं भोक उघडं पडतं. तुझं तेच झालंय. घरी शांत, गल्लीत शांत, आणि "का सोडलं" हे टूल लागलं की भोक. मग आपण काय करतो, कास्टिंगला शिव्या घालत बसतो का? साच्याला व्हेंट मारतो.

हे नुसतं माझं डोकं नाही. अमेरिकेत डॅलस शहरात नोकरी गेलेल्या साठेक लोकांवर एक प्रयोग झाला होता, १९९४ साली छापून आला. बरेचसे इंजिनिअर, पन्नाशी उलटलेले, एकाच ठिकाणी आयुष्य काढलेले. काही जणांना सांगितलं की पाच दिवस रोज २० मिनिटं नोकरी गेल्याबद्दल मनात जे काय आहे ते लिहा, अगदी घाणेरडं वाटलं तरी लिहा. दुसऱ्यांना सांगितलं पुढचे प्लॅन लिहा, दिवस कसा घालवला ते लिहा. तिसऱ्यांना काहीच नाही. पुढच्या काही महिन्यांत मनातलं लिहिणाऱ्यांना नोकऱ्या बाकीच्यांपेक्षा लवकर लागल्या. आता गंमत ऐक, त्यांनी जास्त अर्ज टाकले नव्हते, त्यांना इंटरव्ह्यूही काही जास्त मिळाले नव्हते, जेवढे इतरांना तेवढेच. मग फरक कुठं पडला? प्रयोग करणाऱ्यांचा अंदाज असा की जुन्या मालकावरची खदखद कागदावर उतरली होती, ती समोर बसलेल्या नव्या साहेबाच्या अंगावर गेली नाही.

त्यामुळं शंभर पानी वही घे. रात्री जेवणं झाली की २० मिनिटं, पाच दिवस. चार वाजताची केबिन लिही, टाइप करून ठेवलेला राजीनामा लिही, वॉचमन लिही, साहेबाला काय बोलायचं राहिलं ते त्याच्या आईबहिणीसकट लिही. शुद्धलेखन बघू नको, कुणाला दाखवू नको. झालं की सकाळी बंबात घाल, पाणी तरी तापेल. फक्त ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नको आणि लिंक्डइनवर तर अजिबातच नको, कारण तिथं लिहिलेलं बंबात घालता येत नाही.

मी हे केलं नव्हतं. मला काढलं तेव्हा मी तीन महिने रोज संध्याकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारायचो आणि जो भेटेल त्याला थांबवून साहेबाचं गाऱ्हाणं सांगायचो. लोक ऐकून पण घ्यायचे, च्च च्च करायचे, मला वाटायचं मन हलकं झालं. चौथ्या महिन्यात एक चांगला इंटरव्ह्यू आला, आत गेलो तर समोरच्या माणसाला माझी सगळी स्टोरी माझ्याआधी माहीत, साहेबाला मी काय नाव ठेवलं होतं त्यासकट. कोल्हापूरची इंडस्ट्री म्हणजे एक मोठी पेठच आहे रे, शिरोलीचा परचेसवाला आणि कागलचा प्लँट हेड एकाच लग्नाच्या पंगतीला शेजारी शेजारी बसतात.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. टेबलाच्या पलीकडं मी शेकड्यांनी इंटरव्ह्यू घेतलेत, तर आतली गोष्ट सांगतो. "का सोडलं" विचारणाऱ्याला तुझ्यावर अन्याय झाला की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो एकच बघत असतो, उद्या हा आमच्याबद्दल बाहेर असंच बोलणार का? मी स्वतः दोन चांगले फिटर निव्वळ या कारणानं परत पाठवलेत, हात सोन्याचे होते पण अर्धा तास जुन्या सुपरवायझरलाच शिव्या. आज वाईट वाटतं.

म्हणून उत्तर दोन वाक्यांचं ठेव. "ऑर्डर कमी झाल्या, आमच्या खात्यातली माणसं कमी केली, त्यात मी होतो. तिथं ११ वर्षं होतो, त्यात कस्टमर ऑडिट आणि रिजेक्शनचं काम असं असं केलं." जे खरंच केलंयस तेच तिथं घाल आणि थांब. वैयक्तिक कारणानं सोडलं असं सांगू नको, गोकुळ शिरगावला एक फोन लावला की कळतं. "तुम्हालाच का काढलं?" असं खोदून विचारतील, विचारणारच, तेव्हा "मला कारण ऑर्डरचंच सांगितलं, यादी त्यांनी ठरवली," आणि परत थांब. ही वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. स्वतःचा आवाज ऐकवत नाही माहीत आहे, तरी ऐक, कुठं चढतो ते तुलाच कळेल. मग बायकोला साहेब करून समोर बसव. दहा-बारा वेळा बोलून बोलून तुला त्याचा कंटाळा आला की समज झालं, कंटाळलेला आवाज चढत नाही.

आणि एक व्यवहाराचं, कारण निम्मा राग हिशेबाचा असतो. "लगेच हिशेब" म्हणाले होते त्यात ग्रॅच्युइटी आली का ते कागद काढून बघ. सलग पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते, आणि नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २६ नं भागायचा, १५ नं गुणायचा, मग वर्षांनी गुणायचा. समजा २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, अकरा वर्षांचे १,६५,०००. आले नसतील तर लेखी अर्ज दे, पोच घे, गोड शब्दांत. पीएफ काढायची घाई करू नको, नवीन कंपनीत ट्रान्सफर होतो. कंपनीचा मेडिक्लेम मात्र नोकरीबरोबर गेला असणार, आईवडिलांचं तेवढं बघून घे.

राहिला कट्टा. जा. उद्याच जा. आपल्याकडं नोकऱ्या निम्म्या तोंडातोंडीच लागतात, आणि तू तोंडच लपवून बसलायस. तुझ्या रोजच्या दोन-तीन मित्रांना तुला माहीत आहे तेवढंच माहीत असणार, पण जो वर्षातनं दोनदा स्टेडियमवरच भेटतो त्याचा मेव्हणा कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत क्वालिटी हेड असतो. "सध्या कुठं असतोस" विचारलं की मान वर करून सांगायचं, "सध्या बघालोय, क्वालिटीला कुठं असंल तर सांग." पहिल्यांदा सांगताना कान तापतील. दुसऱ्यांदा कमी. चौथ्यांदा तू सांगताना इकडं तिकडं मॅच बघत असशील. एक मात्र नक्की, कोणतरी मिसळीचं हॉटेल टाक म्हणणारच, ह्या गावात नोकरी गेलेल्या प्रत्येकाला मिसळीचं हॉटेल टाकायचा सल्ला मिळतो, तो ऐकायचा आणि सोडून द्यायचा. (आता मी खासबागेतल्या हरलेल्या मल्लाचं उदाहरण देणार असं वाटलं असेल. नाही देत.)

प्रश्न : काका, माझे मिस्टर पुण्यात आयटीत होते. गेल्या वर्षी ले-ऑफ झाला, घरभाडं परवडेना म्हणून आम्ही सासरी कोल्हापूरला आलो. मी एका पतसंस्थेत लागले, सकाळी डबे, मुलगी, सासूबाईंची औषधं सगळं करून साडेनऊला निघते. हे दहापर्यंत झोपतात, आंघोळ दुपारी, दिवसभर लॅपटॉपसमोर. संध्याकाळी आल्यावर "काही झालं का?" विचारलं तर भडकतात, नाही विचारलं तर म्हणतात तुला काही पडलेलंच नाही. सासूबाई म्हणतात त्याला काही बोलू नकोस, तो आधीच टेन्शनमध्ये आहे. मी पण माणूस आहे ना काका. – फुलेवाडी

उत्तर : आहात ना ताई, आणि तुमचं शेवटचं वाक्य सासूबाईंना पण एकदा म्हणून दाखवा, भांडून नको, चहा घेता घेता.

पूर्वी आपल्याकडं शाहू मिलचा भोंगा व्हायचा. १९०६ ची मिल, शाहू महाराजांनी काढलेली. भोंगा झाला की मिलमध्ये नसलेल्यांचंही घड्याळ लागायचं. मिल थांबल्यावर कित्येक जण म्हणायचे, पगार गेला ते कळत होतं पण आता वाजले किती तेच कळेना झालंय. व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचं एक गाव आहे, तिथली एकुलती एक कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि गावच्या गाव बसलं. काही अभ्यासक तिथं जाऊन राहिले, रस्त्यावर लोक किती वेगानं चालतात तेसुद्धा त्यांनी मोजलं. पुरुषांकडं वेळच वेळ होता, तरी लायब्ररीतनं पुस्तकं नेणं कमी झालं, घड्याळ वापरणं बऱ्याच जणांनी सोडलं, रस्त्यानं चालताना सारखे थांबायचे. बायका मात्र पुरुषांपेक्षा भराभर चालत होत्या. का? त्यांचं काम कुठं गेलं होतं, चूल होतीच की.

म्हणजे दहापर्यंत झोपणं हा आळस म्हणून बघू नका, त्यांचा भोंगा बंद पडलाय. पण तुम्ही भोंगा व्हायचं नाही, उठवायचं काम तुमचं नाही. बाहेरची एक वेळ त्यांच्याकडं द्या, जी त्यांच्याशिवाय होणारच नाही. मुलीला शाळेत सोडायचं त्यांनी. किंवा गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं दूध आणायचं त्यांनी, फुलेवाडीहून लांब नाही, आंघोळ करूनच जावं लागतं, चार माणसं दिसतात. हे तुम्हाला मदत म्हणून करायला सांगू नका, मदत ऐच्छिक असते. ते काम त्यांचं. एखाद्या दिवशी नाही झालं तर त्या दिवशी चहा कोरा, तुम्ही पळत जाऊन आणायचं नाही. आणि दिवसभर लॅपटॉप म्हणजे दिवसभर नोकरी शोधणं नव्हे हे त्यांनाही आतून माहीत असतं, सकाळचे तीन तास नेटानं केलं तर बास होतं, उरलेला वेळ नुसतं तेच पान पुन्हा पुन्हा उघडून स्वतःला टोचणं असतं.

"काही झालं का"चं असं करा. आठवड्यातनं एकच वेळ ठरवा, रविवारी सकाळी अर्धा तास, सासूबाई देवळात गेल्या की. त्यात सगळं बोलायचं, किती ठिकाणी अर्ज गेले, पैसे किती महिने पुरतील, कोल्हापुरात कमी पगाराचं घ्यायचं का, पुन्हा पुण्याला एकट्यानं जायचं का. पैशाचा आकडा कागदावर मांडा, तुम्हा दोघांच्या डोक्यात दोन वेगळे आकडे असतात आणि भांडण त्या दोन आकड्यांचं चाललेलं असतं. बाकी सहा दिवस तुम्ही विचारायचं नाही, काही सांगण्यासारखं झालं तर ते सांगतील. आणि हे गप्प राहणं आधी दोघांनी ठरवलेलं असल्यामुळं "तुला पडलेलं नाही" म्हणायला जागा राहत नाही.

त्या अर्ध्या तासात तुमचंही दहा मिनिटं असू द्या. पतसंस्थेत तुमच्यावर कोण ओरडलं, तुमची पाठ दुखते. नोकरी गेलेल्या माणसाला सगळ्यांनी जपायला लागलं की त्याला वाटतं आपण आजारी आहोत, घरातलं कुणाचं तरी ऐकून घेणं हे पण एक काम आहे आणि ते त्यांना जमेल.

एका गोष्टीत मात्र रविवारची वाट बघू नका. झोप पूर्ण उडाली, जेवण सुटलं, दारू वाढली, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलले, हसत हसत जरी बोलले, तर लगेच १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं. आपल्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. लोक काय म्हणतील याची काळजी करू नका, सीपीआरच्या गर्दीत कोण कुठल्या ओपीडीला चाललंय ते कुणाला कळत नाही.

प्रश्न : काका, मी २३ वर्षांची, बीसीए. पहिली नोकरी दहा महिन्यांत गेली, व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत सांगून टाकलं. त्यानंतर १४० अर्ज केलेत, बहुतेक ठिकाणाहून उत्तरच नाही. मैत्रिणींच्या प्रमोशनच्या पोस्ट बघून रडू येतं. आता एका कंपनीनं व्हॉट्सअ‍ॅपवर सिलेक्शन झाल्याचं सांगितलं, इंटरव्ह्यू न घेताच, लॅपटॉपसाठी ३,५०० रुपये डिपॉझिट भरायला सांगतात, नंतर परत मिळणार म्हणे. एवढ्या दिवसांनी कुणीतरी हो म्हटलंय, सोडवत नाही. – कसबा बावडा

उत्तर : भरू नको पोरी. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. इंटरव्ह्यू न घेता जो हो म्हणतो त्याला तू नको असतेस, तुझे साडेतीन हजार हवे असतात, आणि ते भरलेस की आठ दिवसांनी ट्रेनिंगचे पाच हजार निघतात. तुला ते सोडवत का नाही ते मला समजतं, १४० वेळा शांतता ऐकल्यावर चोराचा आवाज पण गोड लागतो, आणि ह्या लोकांचा धंदाच त्या शांततेवर चालतो.

त्या शांततेबद्दल माझा एक गुन्हा कबूल करतो. माझ्या कपाटात एकदा दोनशेच्या वर अर्ज पडून होते, एका जागेसाठी आलेले. पहिले तीसेक वाचले, त्यात माणूस सापडला, उरलेले मी उघडलेसुद्धा नाहीत. कुणाला नाही म्हणून कळवलं नाही. त्यात तुझ्यासारखी कितीतरी हुशार पोरं असणार, आणि ती घरी बसून आपलं काय चुकलं याचा विचार करत असणार. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मी आळशी होतो. तेव्हा आता १४० चा आकडा मोजणं बंद कर, आठवड्याला दहाच कर पण त्या कंपनीचं काम बघून, अर्जात दोन ओळी त्यांच्यासाठी लिहून, आणि जमलं तर तिथं काम करणाऱ्या एखाद्या सीनियरला मेसेज करून. कॉलेजात तुझ्यापुढं दोन-तीन वर्षं असलेल्यांची यादी काढ, ती पोरं मदत करतात, त्यांचं दुखणं अजून ताजं असतं. प्रमोशनच्या पोस्टी म्यूट कर. मैत्रिणी चांगल्याच आहेत, तू त्यांना फोन कर, पोस्ट बघू नको.

तुझं पत्र माझ्या हातात यायला आठ-दहा दिवस गेलेत. तोवर ते पैसे भरले असलेस तर रडत बसू नको, घरच्यांना सांग आणि लगेच १९३० ला फोन लाव, सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो, जेवढ्या लवकर कळवशील तेवढे पैसे मधेच अडवता यायची शक्यता जास्त. चॅट डिलीट करू नको.